एकतीस बाहुल्या कुणाच्या?

१४ जानेवारी, सोमवार

म्हणे आम्हाला तुमच्या कोर्टात खेचताच येत नाही! आज लेनोराचा फोन आला. त्या सरकारनं उत्तर दिलंय – चाळीस पानी. बाहुल्या आमच्या की त्यांच्या, यावर एक अवाक्षर नाही. फक्त एवढंच की या बाईचा दावा ऐकूच नका, दारातूनच परत पाठवा. आम्ही एक सार्वभौम सरकार आहोत, वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टाला आमच्यावर अधिकार नाही. सोवळ्यातले लोक! शिवायचं नाही!

मी लेनोराला म्हटलं, “सत्तर वर्षांपूर्वी आमच्या घरात बाहुल्या उचलून न्यायला ट्रक घेऊन शिरले, तेव्हा कुठं गेलं होतं हे सोवळं?” ती हसली. माझ्या वकीलबाई वयानं माझ्या नातीएवढ्या, पण हसतात अगदी तोलून मापून. म्हणाली, “व्लास्ता, सरकारांना हे कवच असतंच. कायद्यात थोडे अपवाद आहेत. त्यातल्या एकात आपण बसलो तरच आत. नाहीतर बाहेर. शुक्रवारी या.”

तीन वर्षं झाली त्या कॅलेंडरला. नाताळची खरेदी करत होते, इथेच बाल्टिमोरला, पुस्तकांच्या दुकानात. सहज एक भिंतीवरचं कॅलेंडर उघडलं तर नोव्हेंबरच्या पानावर आमचा सैतान! डावं शिंग मोडलेला. ते शिंग कॉर्नेलनं मोडलं होतं, माझ्या धाकट्या भावानं, सहा वर्षांचा असताना. खाली त्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं नाव आणि एक ओळ – ‘फिरत्या खेळातील बाहुल्या. कारागीर अज्ञात.’ अज्ञात! मी दुकानातच ओरडले. ओटोकार द्रोब्नी, माझे बाबा, अज्ञात?

एकतीस बाहुल्या आहेत त्यांच्याकडे. मला त्या परत हव्यात. आणि नाही मिळाल्या तरी त्या ओळीच्या जागी नाव हवं.

१५ जानेवारी

कॉर्नेलला दोनदा फोन केला. उचलत नाही. पिट्सबर्गला काय एवढी कामं असतात सत्त्याहत्तराव्या वर्षी?

१८ जानेवारी, शुक्रवार

वॉशिंग्टनला जाऊन आले. गाडीत बसायला जागा मिळाली, बाकी दिवस वाईट.

लेनोरानं समोर बसवून घेतलं आणि विचारलं, “बाहुल्या कुणाच्या होत्या?”

“बाबांच्या. पन्नास वेळा सांगितलं.”

“बाबा कोणत्या देशाचे नागरिक?”

“त्याच देशाचे! सात पिढ्यांचे!” मी ताठ बसून सांगितलं. आम्ही काही ऐरेगैरे नव्हतो.

“तिथंच घोडं अडलंय,” म्हणाली.

मग तिनं समजावलं. एखाद्या सरकारनं परक्या देशाच्या माणसाची मालमत्ता लुटली, तर आंतरराष्ट्रीय कायदा मोडला. मग इथल्या कोर्टाचं दार उघडतं. ते संग्रहालय इथं कॅलेंडरं विकतं, म्हणजे इथं धंदा करतं, ती बाजू भक्कम आहे. पण सरकारनं आपल्याच नागरिकाला लुटलं तर तो त्यांचा घरचा मामला. इथलं कोर्ट तोंडात मारल्यासारखं गप्प.

“म्हणजे नवरा बायकोला मारत असला तर शेजाऱ्यानं कानात बोळे घालायचे, तसं?”

“तसंच,” ती म्हणाली. निदान गोडगोड बोलली नाही.

मी पर्स उचलली. उठले. तेव्हा तिनं विचारलं, “आणि तुमच्या आई? त्याही तिथल्याच?”

“छे! आई नदीपलीकडची. पिरोश्का बोग्नार. तिची भाषा वेगळी, देश वेगळा. बाबा तिला चिडवायचे, परदेशी पाहुणी म्हणून.”

लेनोरानं पेन खाली ठेवलं. म्हणाली, “बसा.”

२० जानेवारी

दोन दिवस डोकं भणाणलंय. तिचं म्हणणं असं – बाहुल्या बाबांच्या नसून आईच्या असल्या, तर लुटली गेली ती परदेशी बाई. मग दार उघडतं.

मी तिला स्पष्ट विचारलं, “मी खोटं बोलू?” तशी ती तडकली. “मुळीच नाही! मी खोटं बोलायला सांगत नाही. आठवा म्हणते. नुसतं आठवा.”

आठवायचं काय त्यात? गाडीवर बाबांचं नाव होतं, मोठ्या लाल अक्षरांत – ‘ओटोकार द्रोब्नी यांचा बाहुल्यांचा खेळ’. बाबा एका तोंडानं चौदा आवाज काढायचे. राणी, सैतान, गिरणीवाला, लाल टोपीवाला विदूषक! गावात शिरलो की पोरं गाडीमागं धावायची. आणि आई? आई मागं असायची. दिवे लाव, कपडे शिव, दोऱ्या बांध, आम्हाला जेवू घाल. टाळ्या वाजल्या की बाबा पुढं येऊन वाकायचे. आई कधी आलीच नाही पुढं.

आता त्या टाळ्या बाबांकडून काढून घ्यायच्या? सरकारनं बाहुल्या नेल्या, मी नाव नेऊ?

२३ जानेवारी

कॉर्नेलचा फोन आला. आला तो भांडतच.

“ताई, बंद कर हा तमाशा.”

“तमाशा? बाबांची जिंदगी आहे ती!”

“मेलेल्या माणसांना कोर्टात उभं करतेस. लाज वाटत नाही?”

मी त्याला आईबद्दल सांगितलं, लेनोरा काय म्हणते ते. मग म्हणाला, “आईला यात ओढू नकोस. सांगून ठेवतो. आईला नाही.” आणि फोन ठेवला. मला ‘हॅलो’ म्हणायलाही सवड दिली नाही गाढवानं.

आई गेली तेव्हा हाच होता तिच्या उशाशी. मी पोचले दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून आईचा सगळा मक्ता जसा यालाच दिलाय.

४ फेब्रुवारी

नदीपलीकडून कागद आला! त्यांच्या जुन्या दप्तरातून. पिरोश्का बोग्नार, जन्मानं नागरिक, नागरिकत्व सोडल्याची नोंद नाही. लेनोरा फोनवर चक्क ओरडली. इतकं आनंदलेलं तिला मी पहिल्यांदाच ऐकलं. “अर्धं दार उघडलं,” म्हणाली.

उरलेलं अर्धं माझ्या तोंडात आहे. २६ तारखेला माझी जबानी. त्या सरकारचा वकील प्रश्न विचारणार, मी शपथेवर उत्तरं द्यायची, एक बाई सगळं टंकून घेणार.

११ फेब्रुवारी

खसखशीचे रोल केले. जळले. या घरात बावन्न वर्षांत माझे रोल जळले नव्हते.

२५ फेब्रुवारी

उद्या जबानी. ठरवलंय – ‘आईच्या’ म्हणायचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. “बाहुल्या माझ्या आईच्या होत्या.” तिसऱ्यांदा म्हणताना मीच मान फिरवली.

आयुष्यात शपथेवर कधी खोटं बोलले नाही. तशी शपथ घ्यायची वेळच आली नव्हती म्हणा. बाबा, माफ करा. तुमच्याच बाहुल्यांसाठी करतेय.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आजच लिहायला हवं.

त्यांचा वकील हॅलोरन नावाचा. मला वाटलं होतं गिधाडासारखा असेल. निघाला आपला गुबगुबीत, बो-टाय लावलेला, मला खुर्ची ओढून देणारा. असली माणसं जास्त धोक्याची. दोन तास इकडचं तिकडचं विचारलं. मग अगदी सहज, “मिसेस काल्डवेल, या बाहुल्या कोरल्या कुणी?”

मी तोंड उघडलं. ‘आईनं’ म्हणायचं होतं. बाहेर आलं ते, “बाबांनी.” लेनोरा हललीसुद्धा नाही. मीच पुढं म्हटलं, “म्हणजे... आम्ही तसंच म्हणायचो.”

हॅलोरन खूष. त्याला ते पक्कं करून घ्यायचं होतं. “तुम्ही त्यांना कोरताना पाहिलं असेलच.”

मी म्हटलं, “हो, म्हणजे...” आणि थांबले.

पाहिलं होतं? बाबांना? मी शोधू लागले. बाबा बोलताना दिसले, गाताना दिसले, गाडीच्या पायरीवर बसून गावच्या पाटलाला हसवताना दिसले. हातात पटाशी घेतलेले बाबा मला कुठं सापडेनात.

“लाकूड कुठून यायचं?” त्यानं विचारलं. त्याला वाटलं, मदत करतोय.

“लिंडनच्या झाडाचं. आई निवडायची. बोटानं टकटक करून कान लावायची.”

“हत्यारं कुणाची?”

“आईची. चामड्याच्या गुंडाळीत असायची. आम्हाला हात लावायची बंदी होती. बाबांनासुद्धा.”

“वडिलांना का?”

“बाबांच्या हाती सुरी दिली की रक्त ठरलेलं! पावसुद्धा आईच कापायची आमच्याकडे.”

टंकणारी बाई हसली. मीही हसले. आणि हसता हसता आईचा डावा अंगठा डोळ्यापुढं आला. कापल्याच्या आडव्या-उभ्या व्रणांनी भरलेला. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत झोपायची. मला वाटायचं, आयांचे अंगठे असेच असतात. बाबांचे हात बायकांसारखे मऊ होते. गावातल्या बाया त्यांच्या हातांचं कौतुक करायच्या.

मला रडू फुटलं. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, चार परक्या माणसांत, ढसाढसा. हॅलोरननं रुमालांचा डबा पुढं केला. चेहरा त्याचा उतरला होता. मी नाक पुसलं आणि म्हटलं, “लिहा. माझ्या आईनं कोरल्या. तिच्या होत्या. मला आत्ता कळलं.” खोटं बोलायला गेले होते आणि खरं बोलून बसले.

इथंच गप्प बसले असते तर! पण नाही. त्यानं फाईल मिटली, पाणी दिलं. गोड आवाजात म्हणाला, “फार सुरेख जोडी असणार तुमच्या आई-वडिलांची. किती वर्षांचा संसार?”

मला भरून आलं होतं. मी छाती फुगवून सांगितलं, “चोवीस वर्षांचं लग्न! बाबा गेले तोवर!”

लेनोराचं पेन थांबलं. टंकणारी बाई टंकतच होती.

२७ फेब्रुवारी

आ बैल मला मार! दुसरं काय म्हणू?

लेनोरानं सकाळी फोनवर सांगितलं. त्या देशात तेव्हा कायदा होता – परदेशी बाईनं तिथल्या नागरिकाशी लग्न केलं की ती लग्नाच्या दिवसापासून आपोआप तिथली नागरिक. विचारायचं नाही, सांगायचं नाही. नदीपलीकडच्या दप्तरात नोंद नसली तरी चालतं. म्हणजे आई त्यांचीच. म्हणजे त्यांनी आपल्याच बाईला लुटलं. म्हणजे घरचा मामला. म्हणजे दार बंद!

“तू मला आधी का नाही सांगितलंस?” मी ओरडले.

“मला ती भीती होतीच,” ती म्हणाली. “पण लग्नाचा दाखला त्यांनाच शोधायचा होता. तुम्ही तो आयता दिलात.”

हॅलोरनचं पाणी प्यायले तिथंच चुकलं.

१२ मार्च

त्यांचा नवा अर्ज. सोबत एक जुना फॉर्म – १९५२ चा, आम्ही अमेरिकेत आलो तेव्हाचा. ‘विवाहित’ या शब्दापुढं खूण. खाली दोन सह्या. बाबांची मोठी, शेपटीवाली. आईची इवलीशी.

लग्नाचा दाखला मात्र त्यांना अजून मिळालेला नाही. म्हणून हॅलोरननं मुदत मागितली. जज्जबाईंनी ३० एप्रिलपर्यंत दिली.

२ एप्रिल

आज रेच्या जुन्या पेटीतून चाकू काढला. रे, माझा नवरा, बदकं कोरायचा अधूनमधून, देव त्याचं भलं करो, एकही बदकासारखं झालं नाही. लाकडाचा एक ठोकळा घेतला आणि म्हटलं, बघू या. नुसतं नाक काढायचं. दहा मिनिटांत अंगठा कापला! पट्टी लावून बसलेय.

आणि मग आईचाच राग आला. एवढी कला हातात, आणि गाडीवर नाव त्याचं? का चालवून घेतलंस? मला का नाही एकदा म्हणालीस, व्लास्ता, हे मी केलंय बरं का? मीही तुला दिवे लावणारी समजत आले ना गं जन्मभर!

९ एप्रिल, मंगळवार

लेनोरा स्वतः बाल्टिमोरला आली. खेकड्याचं सूप घेऊन आली, त्यावरूनच ओळखलं, बातमी वाईट आहे.

जज्जबाईंना आता माझ्याकडूनच लेखी हवंय. प्रतिज्ञापत्र. आई-वडिलांच्या लग्नाबद्दल मला जे ठाऊक आहे ते. ३ मेपर्यंत.

“मला काय ठाऊक असणार? नवरा-बायको होते ते! कोण पोर आईला दाखला मागतं?”

“मग तसं लिहायचं.”

“आणि मग?”

तिनं चमचा खाली ठेवला. “मग बहुतेक संपलं. त्यांचा फॉर्म आणि तुमचा शब्द, दोन्ही एका बाजूला पडतील. लग्न झालं होतं असं धरलं जाईल. आणि आपण बाहेर.”

मी सूप ढवळलं. मग विचारलं, “आणि मी ‘माहीत नाही’ असं लिहिलं तर?”

“ते खरं आहे?”

“लग्नाला मी हजर नव्हते! माझा जन्म व्हायचा होता!”

“व्लास्ता, ते खरं असेल तर लिहा. नसेल तर लिहू नका. तुमच्यासाठी ते मी ठरवणार नाही.”

कधी कधी वाटतं, जरा कमी प्रामाणिक वकील केला असता तर बरं झालं असतं.

१० एप्रिल

‘माहीत नाही.’ दोनच शब्द. चोरी नाही, खून नाही.

१७ एप्रिल

हॅलोरनच्या लोकांनी चौदा गावांच्या चर्चची दप्तरं चाळली. आम्ही फिरायचो त्या सगळ्या गावांची. नोंद सापडली नाही! मी टुणकन उडीच मारणार होते, गुडघ्यांनी मारू दिली नाही. पण लेनोरा म्हणाली, थांबा. त्यांचं म्हणणं, युद्धात पुष्कळ दप्तरं जळली, त्यात जळालं असेल. फॉर्मवर बाईची स्वतःची सही आहे, मुलगी स्वतः शपथेवर ‘चोवीस वर्षं’ म्हणाली आहे. आता तिला फक्त पुन्हा तेच म्हणू दे.

सगळं माझ्यावर येऊन बसलंय. एवढं मोठं सरकार, एवढं मोठं कोर्ट, आणि दाराचा अडसर मी!

२१ एप्रिल, ईस्टर

अंडी रंगवली, एकटीनं. मग कॉर्नेलला पत्र लिहिलं. फोन ठेवून देता येतो, पत्र निदान उघडावं लागतं. सगळं लिहिलं. आईचा अंगठा, लिंडनचं लाकूड, बाबांच्या हातची सुरी. माझी फुशारकी. प्रतिज्ञापत्र. लिहिलं की मी काय करावं ते मला कळत नाहीये, आणि तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि आता या जगात आईला ओळखणारी आपण दोघंच उरलोत.

२८ एप्रिल, रविवार

आठवडा झाला. कॉर्नेलचं उत्तर नाही.

आज बसले आणि प्रतिज्ञापत्र लिहून काढलं. ‘माहीत नाही’ लिहून पाहिलं होतं आधी. कागदावर ते इतकं लबाड दिसलं! जबानीत मी खोटं बोलायला गेले आणि जीभ वळली नाही. आता हातानं तेच कसं करू? मला वाटतं तेच लिहिलं – ‘माझे आई-वडील विवाहित होते अशीच माझी आयुष्यभर समजूत आहे. याहून वेगळं मला कुणीही, कधीही सांगितलेलं नाही.’

म्हणजे हरले. बाहुल्या तिथंच राहणार, काचेच्या कपाटात. कारागीर अज्ञात. तीन महिन्यांपूर्वी मला बाबांचं नाव हवं होतं म्हणून जीव जळत होता. आता आईचं नाव कळलंय आणि ते मीच पुसतेय.

२९ एप्रिल

बँकेतल्या नोटरीसमोर सही केली. शिक्का मारताना तिनं विचारलं, “घराचे कागद का?” मी म्हटलं, “तसंच काहीसं.”

१ मे

उद्या लेनोरा कागद न्यायला येणार, अकराला. केक केलाय तिच्यासाठी. तिचा काय दोष?

२ मे, गुरुवार

साडेआठला दार वाजलं. कॉर्नेल! स्वतः गाडी चालवत आला पिट्सबर्गहून, पहाटेच निघाला होता. टोपी हातात, दाढी वाढलेली. ‘कशी आहेस’ नाही, काही नाही. “ताई, तो प्रतिज्ञापत्राचा कागद कुठंय? फाड तो.”

“वेडा झालास का?”

“त्यांचं लग्न झालंच नव्हतं.”

मी पायरीवरच बसले.

बाबांनी तीनदा विचारलं होतं. आईनं तीनदा नाही म्हटलं. तिला तो कायदा ठाऊक होता! “लग्न केलं की मी तुमच्या सरकारची, आणि मी केलेलं सगळं तुमचं. गाडीवर नाव तुझं घाल, माझं काही म्हणणं नाही. पण मी बोग्नारच राहणार, आणि बाहुल्या माझ्या.” बाबा कबूल झाले. अमेरिकेत मात्र तसं शिरू देईनात, म्हणून फॉर्मवर दोघं खोटं बोलले. जाताना आईनं कॉर्नेलला शपथ घातली – व्लास्ताला सांगू नकोस, तिला लाज वाटेल. एकतीस वर्षं पाळली बिचाऱ्यानं. मला वाटत होतं, आईचा मक्ता गाजवतोय!

“मी येतो कोर्टात,” म्हणाला. “शपथेवर सांगतो. आई रागावली तर माझ्यावर रागावेल.”

लेनोरा अकराला आली तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात हसत होतो की रडत होतो, देव जाणे. मी तिला केकसुद्धा दिला नाही आधी. म्हटलं, पोरी, नवा कागद काढ आणि लिही – मी, व्लास्ता, वय वर्षे एक्क्याऐंशी, पिरोश्का बोग्नार या अविवाहित बाईची मुलगी, शपथेवर सांगते की...